पोतं अर्धंच भरायचं

वडील एकाहत्तरच्या लढाईत आसामातल्या एका विमानतळावर होते. तिथं मालवाहू विमानांच्या दोन स्क्वाड्रन होत्या. डोंगरातल्या चौक्यांचं धान्य त्यांच्यातूनच जायचं. वडील रसद तुकडीतले. विमानात घंटी वाजली की उघड्या दारातून पोती खाली ढकलायची. पोतं अर्धंच भरून दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचं, म्हणजे आपटून आतलं फुटलं तरी धान्य बाहेरच्यात राहतं. घरची ज्वारीही ते अजून तशीच भरतात. आमच्या गावात, बेंबळीत, त्याची टिंगल होते. मीही केली आहे.

आमच्या गल्लीतले सुभेदार तेव्हा अशाच एका चौकीवर होते. दोघं एका पंगतीला बसत नाहीत. हे ठाऊक असून यंदा पंधरा ऑगस्टला मी दोघांनाही माझ्या शाळेत बोलायला बोलावलं. वडील नको म्हणत होते, मीच मागं लागलो. सूत्रसंचालन माझ्याकडं, एक माईक माझ्या हातात.

वडील सांगत होते, "त्या दिवशी आमच्या तळावरनं गेलेलं एक विमान परत आलं न्हाय. त्यात माझ्या जागी..."

"ओ पोतेवाले," सुभेदार खुर्चीतूनच म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. आमचं पीठ नाल्यात कुणी टाकलं ते सांगा. आमी पाला उकडून खाल्ला."

"खाली ढग होते."

"ढग कशाचे. डोळे मिटून ढकलत व्हता तुमी."

पोरं हसली. मीही हसलो, आणि माझं हसणं कर्ण्यातून सगळ्या मैदानावर गेलं. वडील वाक्य अर्धं टाकून खाली बसले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत.

मी सुभेदारांच्या दारात भांडायला गेलो. ते म्हणाले, "आमचं वैर हाय, म्या तोंडावर बोललो. पर हसलो न्हाय. हसला कोन, मास्तर?"

त्या तळाबद्दल मिळेल ते मी वाचून काढलं. विमानं कुठली, वैमानिक कोण, सगळं सापडतं. पोती ढकलणाऱ्यांबद्दल कुणी ओळही लिहिलेली नाही. शेवटी परवा वडील ज्वारी भरत होते तिथं जाऊन विचारलं, "दादा, त्या विमानात तुमच्या जागी कोण गेलं होतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "माईक आणलास का?"

मी पोत्याचं तोंड धरायला वाकलो. त्यांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि अर्ध्यावरच बांधलं.