मामाकडून सप्रेम भेट

भक्तीचा हात जन्मापासून सढळ. फक्त द्यायची वस्तू तिची स्वतःची क्वचितच असायची. एकदा तिनं आजोबांची छत्री भिजणाऱ्या शेळीला बांधून दिली, तेव्हापासून घरात सगळे आपापल्या वस्तू उशाशी घेऊन झोपायचे.

ताडकळसच्या शाळेत, चौथीच्या वर्गात, तिच्याशेजारी अबोली येऊन बसली. वडील अनंतराव पोस्टात बदलून आलेले. आई अजून नाशकातच नोकरीला, भांडीकुंडीही तिच्यापाशीच. बापलेक खानावळीच्या डब्यातच जेवायचे. आता इथं शाळेत दुपारी खिचडी मिळते, पण ताट ज्याचं त्यानं घरून आणायचं. हे त्या पोरीला कोण सांगणार? पहिल्या दिवशी ती रांगेत रिकाम्या हातानं उभी राहिली. गोपाळनं तिच्यापुढं वहीचं पान धरलं, "घे, ह्याच्यावर घे!" पोरं फिदीफिदी हसली. भूक नाही म्हणून अबोली हापशाकडं तोंड करून बसली. भक्तीनं आपलं ताट पुढं केलं, तर तिनं बोटसुद्धा लावलं नाही. म्हणाली, "मी शनिवारी आईकडं परत जाणार. बाबांना सांगून टाकलंय."

चिमटे न काढणारं माणूस चार वर्षांत पहिल्यांदाच भक्तीच्या शेजारी आलं होतं. ते असं जाऊ द्यायचं व्हय?

घरी वरच्या फळीवर आईच्या लग्नातली बारा ताटं होती. प्रत्येकाच्या काठावर कोरलेलं, 'चि. सौ. कां. सविता हिस मामाकडून सप्रेम भेट'. पाहुण्यांसाठी ठेवलेली. पण त्या ताटात जेवावं एवढा मोठा पाहुणा आजवर काही आला नव्हता. सकाळी आई पाण्याला गेली तशी भक्तीनं एक ताट ओढून दप्तरात कोंबलं.

आई यायचा उशीर, एक ताट कमी असल्याचं तिच्या लक्षात आलंच. आत्या राजेश्री आदल्याच दिवशी जिंतूरला परत गेली होती. झालं! फोन लागला. "वन्सं, ताट आवडलं व्हतं तर मागायचं की! पिशवीत कामून घातलं?" पलीकडून आत्यानं सात पिढ्यांचा उद्धार केला. भक्ती दप्तरासकट भिंतीला चिकटून उभी.

दुपारी रांग लागली. अबोली भक्तीनं दिलेलं ताट घेऊन ऐटीत पुढं सरकली, आणि तेव्हा कुठं भक्तीच्या डोक्यात उजेड पडला. शाळेत खिचडी शिजवतं कोण, वाढतं कोण? तिचीच आई! अगं माय गं! लपवायला अख्खा तालुका पडला होता, आणि या बयेनं ताट धाडलं ते थेट मालकिणीच्या पळीखाली.

सविताची पळी हवेतच थांबली. "कुणाचं गं हे ताट?"

"भक्तीच्या आईनं दिलंय," अबोली कौतुकानं म्हणाली. वाढणारी बाई कोण, तिला काय ठाऊक! "मी उपाशी राहिले हे ऐकून त्यांना रडूच आलं. म्हणाल्या, एवढी वर्षं तुझ्यासाठीच ठेवलं होतं."

"अगं, ह्याच तर..." गोपाळनं तोंड उघडलं. भक्तीनं त्याच्या पायावर दणकून पाय दिला.

सविता एकदा ताटाकडं, एकदा लेकीकडं बघत राहिली. मग "बरी बाई दिसायलीय," एवढंच म्हणाली आणि दोन पळ्या वाढल्या. भक्तीच्या ताटात अर्धीच पडली.

अबोली पोटभर जेवली, बोटं चाटून जेवली. ताट घासूनपुसून ती सविताकडं आली. "काकू, भक्तीच्या आई तुमच्या ओळखीच्या आहेत का? त्यांना सांगाल, मी आता परत जाणार नाही म्हणून?"

सविता पळी खाली ठेवत म्हणाली, "सांगते की, बाळा." मग "लय मेला धूर," म्हणत तिनं पदरानं डोळे पुसले. शाळेत गॅस येऊन चार वर्षं झाली होती.

संध्याकाळी भक्तीच्या पाठीत धपाटा बसायचा तो बसलाच. मग आईनं फळीवरून आणखी एक ताट काढलं. "तिचा बाप कशात जेवायलाय मग? उद्या नेऊन दे."

भक्तीनं उडीच मारली. तेवढ्यात आईनं फोन तिच्या हातात कोंबला.

"आता आत्याला तूच सांग. माझं न्हाई धाडस."