नुसते हुंकार

आई गेली त्याआधीचे चार महिने मी आमच्या लाटंबार्शाच्या घरातल्या मधल्या खोलीतून फारसा बाहेर पडलो नाही. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जात म्हणून खिडकी बंद, आणि खिडकी बंद म्हणून पंखा सतत चालू. आई भिंतीकडच्या खाटेवर, मी समोर खुर्चीत.

बहीण मस्कतला असते. आईचं मोरजीचं माहेर, आजोबांची होडी, वाळूत अंडी घालायला येणारी कासवं, हे सगळं आईच्याच आवाजात राहावं असं बहिणीला वाटत होतं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, तेव्हा रजेवर होतो. एक छोटा प्रोग्राम लिहिला. पंख्याच्या आवाजाहून मोठं काही माइकवर आलं की तो नोंदवायला लागे, दोन सेकंद शांतता झाली की फाइल बंद करून सर्व्हरवर पाठवी, आणि ती पोचली की लॅपटॉपवरची पुसून टाकी.

माइक आईच्या गळ्याशी लावायला गेलो तर तिने हात झटकला.

"गळ्यांत कितें बांदतंस? मी काय वासरू? तुज्याच गळ्यांत घाल."

मी माझ्या कॉलरला लावला.

आई हुंकाराशिवाय गोष्ट सांगत नसे. दर वाक्याला समोरच्याने 'हूं' म्हणायचं. नाही म्हटलं तर ती थांबे आणि विचारी, "मी भिंतीक सांगतंय?" म्हणून मी हूं म्हणत राहिलो. डोळे मात्र पडद्यावर असत. एकेक फाइल वर चढताना दिसे, यादी लांबत जाई. उघडून एकही ऐकली नाही. खरं सांगायचं तर गोष्टीही नीट ऐकल्या नाहीत. लॅपटॉप ऐकतोय म्हटल्यावर माझं काम हुंकारापुरतं उरलं होतं.

आई गेल्यावर बहीण आली. बारावा झाल्यावर त्याच खोलीत बसून ती म्हणाली, "लाव."

पहिली फाइल: हूं. दुसरी: हूं. तिसरीतही तेच.

"दादा, ह्यो तुजोच आवाज मरे."

मला कळलं होतं, तरी मी पुढची उघडत राहिलो. माइक माझ्या गळ्याशी होता. खाटेवरून येणारा आईचा आवाज पंख्याखाली दबत होता. ती बोलत असे तेवढा वेळ प्रोग्रामच्या लेखी शांतता होती. लॅपटॉपवर काहीच शिल्लक नव्हतं.

बहीण म्हणाली, "तर तू सांग. तू आयकलंस मां?"

मी सुरुवात केली. आजोबांची होडी. तिला काहीतरी नाव होतं. एका वर्षी कासव थेट अंगणापर्यंत आलं होतं, की कुणी उचलून आणलं होतं? मी थांबलो.

"हूं," बहीण म्हणाली. तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. पण मला पुढचा शब्द सुचेना. मी पुन्हा फाइलींकडे वळलो.

संध्याकाळकडे एक जरा लांब फाइल निघाली. "आयकतंस मरे? न्हिदलंस?" आई, चिडलेली, अगदी स्पष्ट. त्यावर माझा घाईघाईचा हूं. त्या दिवशी मला डुलकी लागली असणार, आणि मला जागं करायला तिने आवाज चढवला, म्हणून तो पंख्याच्या वर आला. बहिणीने ती फाइल पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा.

ती परत गेली. मी शाळेतून आलो की त्या खुर्चीत बसतो आणि उरलेल्या फाइली एकेक करून ऐकतो. पटापट ऐकता येत नाहीत, आणि न ऐकता सोडवतही नाहीत. खिडकी अजून बंदच असते. सगळीकडे मी आहे, मन लावून ऐकत असल्यासारखा. त्या हुंकारांतून मी कधी झोपलो होतो तेवढं शोधत असतो.

बहिणीचा फोन येतो. "मगे? आज कितके फावट न्हिदलंस?"

"आज एकदाच," मी सांगतो, आणि ती फाइल लावून फोन माइकजवळ नव्हे, लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धरतो.