चंद्रकळेवरचा हिमकण

डांबरगोळ्यांचा वास आला की मला सासूबाईंची काळी चंद्रकळा आठवते. एका वर्षी संक्रांतीला त्या जर्मनीत, डार्मश्टाटला आमच्याकडे होत्या. हिमकणांचे पहिले फोटो काढणारे लोक थंडीत श्वास रोखून, गार काळ्या कापडावर कण झेलत. लेकीला दुसऱ्या दिवशी शाळेत तसाच फोटो दाखवायचा होता. आमच्याकडे बर्फ क्वचितच पडतो. तो सुरू झाला आणि कण झेलायला बाल्कनीत नेलेली काळी मखमल निघाली गरम. “पोरीचे हात गारठतील म्हणून मीच हीटरवर ठेवली होती गं,” सासूबाई म्हणाल्या. कण पडताच विरघळत होते, बर्फही ओसरत चालला होता. लेक रडकुंडीला आली. सासूबाई सणाची चंद्रकळा नेसल्याच होत्या. “आई, बाहेर या, पदर कठड्यावर पसरा,” मी म्हटलं. पदर गार होईपर्यंत आम्ही आभाळाकडे बघत उभ्या राहिलो. अखेर एक कण टिकला. “निष्ट आटमेन, आजी!” मोबाइलला भिंग लावून लेक ओरडली. “श्वास घेऊ नका म्हणतेय,” मी सांगितलं. “मग मरू की काय?” तोंडावर हात दाबून त्या पुटपुटल्या. फोटो आला; त्याच्या कडेला पदराचा लाल काठही आलाय. आता ती साडी माझ्याकडे आहे. बर्फाचा अंदाज असला की मी ती आधीच बाल्कनीत टाकते, हीटरपासून लांब.