वेस्ट विंडसरमधलं जातं

आमच्या शेजाऱ्यांइतका हट्टी माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवलेला नाही, आणि घडवला असेलच तर यांनीच त्याच्या मागे लागून घडवून घेतला असणार. हे कॅटलान संगीतकार, सत्तरी ओलांडलेले. आपल्या मुलखातली विसरलेली लोकगीतं गोळा करून त्यांनी ती गायकवृंदांच्या तोंडी पुन्हा बसवली. इथे परदेशात आले तरी खोड गेली नाही. कुणी गुणगुणलं की यांची वही बाहेर! एकदा प्लंबर सिंकखाली गुणगुणत होता, तर हे त्याच्या शेजारी आडवे झाले. किचनभर पाणी झालं, पण वही कोरडी होती.

आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. पोळ्या लाटताना तिने ओवी म्हटली मात्र, स्वारी दारात हजर. पण माहेरची ती ओवी अर्ध्यावरच थांबली. आई म्हणाली, "पुढचं आठवत नाही बाबा. जात्यावर बसलं की ओवी सुचते. इथं कुठलं जातं?"

मी मूर्खासारखं ते भाषांतर करून सांगितलं. झालं! आईच्या फ्लाइटला दहा दिवस उरले होते. यांनी बागेच्या दुकानातून दोन गोल दगड आणले, भोकं पाडून घेतली, खुंटा ठोकला. आईने हात फिरवून निकाल दिला, "टाकी लावल्याशिवाय पीठ कसं पडेल?" मग हे दगडांना खाचा पाडायला छिन्नी-हातोडा घेऊन ड्राइव्हवेत बसले. आवाजाबद्दल सोसायटीचं पत्र आलं. मी म्हटलं, "अहो, कॅन्सल करा हे. अर्धी ओवी पुरे."

"माझ्या आईची गाणी मी उद्या लिहीन म्हणालो होतो," ते म्हणाले आणि पुन्हा ठोकू लागले.

निघायच्या आदल्या दुपारी दोघं गराजमध्ये जात्याला बसली. एका खुंट्यावर दोन हात. पीठ कमी, कचच जास्त. आई हसत होती, आणि हसताहसता ओवी पुरी झाली. मागून आणखी अकरा आल्या.

गेल्या महिन्यात तिकडे साताऱ्यात आई वारली. तिकडून परतलो तो मी थेट त्यांच्या गराजमध्ये. चाळीस वर्षं तो आवाज माझ्या कानावर पडत होता आणि मी एक ओळ लिहून घेतली नाही, याची फार लाज वाटली. त्यांनी वही माझ्यापुढे उघडली, जात्यात मूठभर गहू टाकले, आणि खुंट्यावरचा हात जरा खाली सरकवून माझ्यासाठी जागा केली.