गंधकाच्या डोंगरावर

ज्या डोंगरावर रेणुकामाता मला भेटली असं मी मानते, त्या डोंगरावर मी तिला सोडून द्यायला चढले होते. माझ्यासारख्या, जन्मभर मंगळवार धरलेल्या बाईनं असं लिहावं याची मला लाज वाटते. पण त्या दिवसांत माझ्या मनात भक्ती उरली नव्हती. कडू रस तेवढा शिल्लक होता, आणि तो अजूनही पुरता आटलेला नाही.

मी धामणगाव बढ्याची. लग्न न कळत्या वयात झालं आणि कळायच्या आत कपाळ पांढरं झालं. वडिलांनी मला सासरहून परत आणलं. त्याच वर्षी आई बाळंतपणात गेली आणि तिचं बाळ, माझा भाऊ बापू, माझ्या मांडीवर आला. मी त्याला शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं. पुढे वडिलांनी मला शिकवून शाळेत मास्तरीण केलं. बापू माझ्याच वर्गात पाटीवर अक्षरं गिरवायला शिकला, नागपुरात डॉक्टर झाला आणि विलायतेला गेला. वडील गेले तेव्हा तो येऊ शकला नाही. तिकडंच त्यानं लग्न केलं, तेही मला नंतर कळलं. मला राग आला नाही. माझ्या देवघरात एकच मागणं असायचं, बापूला सुखी ठेव. मी दुसरं कधी काही मागितलं नव्हतं, आणि मला वाटायचं की म्हणूनच देवी माझं ऐकते.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बापूला मुलगी झाली आणि त्यानं मला बोलावून घेतलं. त्याची बायको मेरी नोकरी करायची, मूल सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. मी शाळेतून लांबची रजा काढली. गावानं मला वाजतगाजत नेल्यासारखं मलकापूर स्टेशनपर्यंत पोचवलं. आमच्या गावची बाई विमानात बसणार होती, याचंच सगळ्यांना अप्रूप. त्या लहानग्या पोरीला मांडीवर घेतलं आणि मला बापूचंच बाळपण परत मिळालं. मेरी मला 'बाई' म्हणायची. बापू मला लहानपणापासून बाई म्हणतो, आमच्याकडं थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. तीही म्हणते, याचं मला कौतुक वाटायचं.

उन्हाळ्यात ते सगळे सुट्टीवर निघाले. इटलीच्या दक्षिणेला समुद्रात एक लहानसं बेट आहे. बेट कसलं, समुद्रातून वर आलेला एक जळता डोंगरच. माथ्यावरून रात्रंदिवस धूर निघतो, खडकांवर हळदीसारखा पिवळा गंधक साचलेला असतो, आणि किनाऱ्याची वाळू काळी, आपल्या कपाशीच्या रानासारखी. ती काळी वाळू मुठीत धरून मला पहिल्याच दिवशी घरची आठवण आली होती. मेरीचे आईवडील तिथं आधीच येऊन थांबले होते. वडील इंग्रजांच्या राज्यात फौजेत असताना पुण्याला होते, मोडकीतोडकी हिंदी बोलायचे. उंच, लाल चेहऱ्याचे, मनानं चांगले गृहस्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या अंगणात सगळे न्याहारीला बसले होते. पोर माझ्या कडेवर होती. म्हातारे माझ्याकडं पाहून हसले आणि म्हणाले, "आया, तुम भी चाय पियेगा?"

मला वाटलं, माझ्या पांढऱ्या लुगड्यामुळं त्यांची चूक झाली. मी बापूकडं पाहिलं. तो पावाला लोणी लावत होता. तेव्हा म्हातारे पुढं म्हणाले, "डॉक्टर साहब बोला, तुम उसको बच्चा था तब से पाला. बहुत अच्छा आया. इतना दूर आया, बहुत अच्छा."

बापूनं मान वर केली नाही. लोणी लावून झालं होतं, तरी तो सुरी फिरवतच राहिला. मेरी माझ्याकडं बघून हसली, त्या हसण्यात कसलाही खोटेपणा नव्हता. म्हणजे तिलाही हेच सांगितलेलं होतं. तिच्या तोंडची 'बाई' ही माझी बाई नव्हतीच, कामाची बाई होती.

मी चहा प्यायले. पोरीला मेरीजवळ दिलं, खोलीत जाऊन चपला घातल्या आणि डोंगराच्या वाटेला लागले. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, देवीला सोडायचं तेवढं ठरलं होतं. पायांखाली राख सरकत होती, एका बाजूला निळा समुद्र, वर धूर. मी मनातल्या मनात देवीशी भांडत होते. मी तिला म्हणाले, तुझं डोकं तुझ्याच लेकानं उडवलं, आणि तू त्याला माफ करून माहूरच्या गडावर नुसतं मुखच घेऊन बसलीस. तुला जमलं असेल. मला जमणार नाही. यापुढं तुझ्यासमोर दिवा नाही, तुझं नाव नाही. काही झालं तरी तुला हाक मारणार नाही. हे मी तोंडानं बोलले, आपल्या भाषेत, मोठ्यानं. ऐकायला तिथं कोणी नव्हतं.

माथ्याजवळ आले तसा वारा फिरला आणि धुराचा लोट अंगावर आला. सडक्या अंड्यांसारखा वास, डोळ्यांत तिखट घातल्यासारखी आग, छातीत श्वास शिरेना. मी उलट्या दिशेला धावले आणि राखेत घसरत एका घळीत पडले. पाय मुरगळला. उठता येईना. पदर नाकाशी धरून पडून राहिले. तोंडाशी तिचं नाव येत होतं आणि मी ओठ मिटून ते परत गिळत होते. खरंच गिळलं. मरेन, पण हाक मारणार नाही, एवढाच हट्ट उरला होता.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या तोंडावर ओलं फडकं दाबलं. एक म्हातारी होती. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, चेहरा उन्हानं करपलेला. आपल्याकडं विधवेला पांढरं, तिकडं काळं, हे मला तिला बघताच कळलं. तिनं काखेत हात घालून मला उठवलं. खाली वाटेवर तिचं गाढव उभं होतं, त्यावर बसवलं. सारा वेळ ती तिच्या भाषेत माझ्यावर रागावत होती. शब्द कळत नव्हता, पण तो राग माझ्या ओळखीचा होता. उन्हात अनवाणी पळणाऱ्या पोरावर आम्ही तसंच रागावतो.

तिचं घर डोंगराच्या पलीकडच्या उतारावर द्राक्षांच्या वेलींत होतं. तिनं मला ओट्यावर बसवलं, परात आणली आणि माझे पाय धुतले. मी पाय मागं घेतले तर तिनं गुडघ्यावर हलकीशी चापट मारली. सुजलेल्या पायाला तेल चोळलं, पाव आणि अंजिरं पुढं ठेवली. मी कोण, कुठली, कोणाची, एक अक्षर तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ती पुढ्यात बसून मी खाते की नाही ते बघत राहिली, आणि मी त्या परक्या ओट्यावर, विधवा झाले तेव्हाही रडले नव्हते तशी रडले. तिनं थांबवलं नाही.

दुपारी बापू शोधत आला. सोबत हॉटेलचा माणूस होता, त्याला तिकडची भाषाही यायची आणि इंग्रजीही. म्हातारी उठून दारात उभी राहिली आणि माझ्याकडं बोट दाखवून तिनं बापूला काहीतरी दरडावून विचारलं. त्या माणसानं ते इंग्रजीत सांगितलं. बापू माझ्या पायांकडं बघत होता. त्यानं एकच शब्द उच्चारला, "सिस्टर." तेवढं इंग्रजी मला येतं. म्हातारी दारातून बाजूला झाली.

तिनं गाढव दिलं. हॉटेलचा माणूस पुढं गेला आणि बापू गाढवाचा दोर धरून चालू लागला.

"बाई," तो म्हणाला, "लई दुखून राह्यलं का?"

"पायाचं काही नाही. काऊन केलं बापू असं?"

त्यानं दोर हाताला गुंडाळून घेतला. मग म्हणाला, "लग्नाच्या वक्ती मी त्याइले सांगतलं होतं, मले कोणीच नाही म्हणून. कोणी नाही म्हटलं का पुढचं कोणी विचारत नाही. मंग तू येणार म्हटल्यावर…"

"मंग मले कोणीतरी करा लागलं."

"हाव."

"मेरीले खरं सांगशीन?"

"सांगीन बाई. जरा टाइम दे मले."

मी त्याच्या पाठीकडं बघत होते. ती पाठ मी न्हाऊ घातलेली. मला कळलं की तो सांगणार नाही. हॉटेलच्या अंगणात म्हातारे धावत आले, "आया, ठीक है?" बापूनं दोर सोडला आणि गाढवाच्या मानेवर हात फिरवत उभा राहिला. खरं सांगायची माझी वेळ होती. मेरी पोरीला घेऊन उभी होती. पोरीनं मला बघून हात पुढं केले.

मी म्हणाले, "ठीक है, साहेब."

हे मोठेपणानं नाही केलं. मी त्या संसारात एक वाक्य टाकलं असतं तर तो तडकला असता, आणि ते बघायची ताकद माझ्यात नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गाढव परत पोचवून आलेल्या हॉटेलच्या माणसानं बापूला सांगितलं आणि बापूनं मला, की ती म्हातारी सहसा डोंगरावर जात नाही. त्या सकाळी तिची शेळी हरवली असं वाटून ती वर गेली होती. घरी येऊन बघते तर शेळी गोठ्यातच. मला आठवलं, आम्ही तिच्या घरी पोचलो तेव्हा गोठ्यापाशी ती एकाएकी थांबली होती आणि स्वतःशीच हसली होती. यात चमत्कार आहे असं मी कोणाला पटवायला जात नाही. शेळ्या लपतात, म्हाताऱ्या माणसांना कमी दिसतं. मला एवढंच ठाऊक आहे की मी हाक मारली नव्हती. हाक गिळली होती. आणि तरी कोणीतरी आलं, रागावलं, पाय धुतले, जेवू घातलं, आणि मी कोण ते विचारलं नाही.

सुट्टी संपल्यावर मी लवकरच परत निघाले. विमानतळावर सगळे पोचवायला आले होते. मेरी माझ्या गळ्यात पडली, तिचे वडील टोपी काढून उभे राहिले. बापू माझी पिशवी उचलायला म्हणून वाकला आणि वाकल्या वाकल्या, कोणाला दिसणार नाही असा, त्याचा हात माझ्या पायाला लागला. मी कोणाला ऐकू जाणार नाही असा आशीर्वाद दिला. त्याला त्याहून जास्त जमत नव्हतं, मलाही.

त्यानं मेरीला अजून सांगितलेलं नाही. दर दिवाळीत भाऊबीजेला माझ्या मनात ते खुपतं. माफ केलं असं मी म्हणत नाही, खोटं होईल. पण घरी आल्यावर पहिल्या मंगळवारी मी देवघर पुसलं आणि समई लावली. बापूला सुखी ठेव, हे मागणं आता करत नाही. त्याचं त्याला बघू दे, देवीचं देवीला. मी आयुष्यभर जे केलं ते कोणी माझ्या नावावर मांडावं असं मला वाटत होतं, तोच माझा काटा होता. त्या म्हातारीचं नाव मला माहीत नाही, तिला माझं माहीत नाही. तिनं माझे पाय धुतले ते फुकट गेलं का? नाही ना. मग बापूला मी जे दूध पाजलं, तेही कुठं वाया गेलं नसेल. एवढं मानून मी देवीपुढं हात जोडते. कधी कधी जोडताना डोळे कोरडे असतात. तिला तेही चालतं.