तीन रात्री जागलेली बहीण

मी पोंभुर्ण्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे आमच्या घरात झोपेवर बोलण्याचा अधिकार माझा, आणि निवांत झोपण्याचा बाकी सगळ्यांचा. अपवाद माझ्या धाकट्या बहिणीचा. ती अकरावीत आहे आणि मंडईच्या दिवसांत झोपतच नाही.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटलं की नाटक आलंच. ते रात्री केव्हातरी सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. हिनं यंदा मावशीबरोबर, चादर गुंडाळून, लागोपाठ तीन गावची तीन नाटकं पाहिली. नाटक नसेल तेव्हा मोबाइल. मी सांगून सांगून थकले. या वयात झोप मुळातच उशिरा येते, त्यात तुझा दोष नाही. पण कपाळामागचा जो मेंदू 'थांब, आधी विचार कर' म्हणतो, तो अजून कच्चा असतो आणि झोप बुडवली की पारच हात टेकतो. सगळं ऐकून ती म्हणायची, "ताई, तू वर्गात बी अशीच बोलते? पोरं झोपत असतीन मंग."

दुसऱ्या नाटकाहून आली ती थेट कात्री घेऊन आरशापुढे. नायिकेसारखी बट हवी होती. बट झाली नाही, कपाळावर झाडू झाला. त्याच सकाळी गणिताच्या सरांनी वर्गाच्या ग्रुपवर 'सोमवारी चाचणी' असं टाकलं, तर हिनं खाली लिहिलं, 'सर, आमाले झोपू द्या.' वर्गानं त्यावर धडाधड 'लाइक'चे अंगठे टाकले आणि सर भडकले. असं का केलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मनात आलं न् लिहून टाकलं. मधात कोणी अडवलंच नाई." मेंदूच्या धड्यात घालावं असं वाक्य होतं, पण मी रागावले असल्यामुळे कौतुक केलं नाही.

तिसऱ्या नाटकाहून ती पहाटे परतली आणि त्याच दिवशी मला पाहायला पाहुणे आले. मंडईला सगळे नातेवाईक गावात असतात, म्हणून सोयरिकीही तेव्हाच जुळवतात. मुलगा नागपूरला नोकरी करणारा, दिसायला चांगला. मला तो आवडला, हे सांगायला लाज कसली? अडचण एकच होती. तिकडे जायचं तर माझी नोकरी जाणार, आणि मला ती सोडायची नव्हती. बाबांना हे सांगायची माझी छाती झाली नव्हती. फक्त बहिणीजवळ बोलले होते, तेही रडून.

बैठकीत लाखोळीच्या डाळीचे वडे फिरत होते. मुलाचे वडील शंकरपटाचे शौकीन. वडे संपेपर्यंत ते शर्यतीच्या बैलांवरच बोलले. मग तोंड पुसून म्हणाले, "भाऊ, पोरगी नोकरी सोडन नं? आमच्या घरी सुनेनं बाहेर जायची पद्धत नाई."

"सोडन नं," बाबा म्हणाले. "टाइमपासची नोकरी हाये ते."

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. आतून पेटले आणि कप सरळ करत राहिले. बहीण वड्यांची परात घेऊन दाराशी होती. डोळे लाल, कपाळावर झाडू.

"टाइमपास?" ती एकदम म्हणाली. "बाबा, ताई परवा मले म्हणून राह्यली होती, नोकरी सोडा लागत असन तं मले लगीनच नाई पायजे. किती रडली ते!"

 मुलाच्या हातातला वडा तोंडाजवळच थांबला. आत आईच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिनं कपाळाला हात लावला असणार.

"झोप नाई झाली जी तिची," बाबा घाईघाईनं म्हणाले. "तीन दिवस झाले, नाटकंच पाहून राह्यली. काईबी बोलते." मग माझ्याकडे वळले. "तू सांग नं. ते मेंदूचं शिकवते नं तू?"

मला सुटकेची वाट दिसली आणि मी सुरू झाले. समोर पटाचे शौकीन बसलेले, म्हणून दाखलाही तसाच दिला. या वयात बैल दमदार असतात, पण कासरा धरणारा हात नवखा. त्यात झोप नसली की कासरा सुटतोच. मग मनात येईल ते बाहेर पडतं. तिला बोल लावू नका. मुलाचे वडील खूश होऊन मान डोलवत होते. माझा तास इतका रंगलेला मी कधी पाहिला नव्हता.

मुलाच्या आई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. बाई जाडजूड, ठसठशीत, आवाज खणखणीत. "कासरा सुटला," त्या म्हणाल्या, "तं बैल त्याले जायचं रायते तिकडंच जाते. म्हंजे पोरगी खोटं नाई बोलली. तिले कोणी अडवलं नाई, एवढंच."

या शंकेची तयारी मी केली नव्हती.

"तुही झोप झाली का, बेटा?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"मंग तू सांग."

माझी झोप पूर्ण, मेंदू पिकलेला, कासरा घट्ट. इतका घट्ट, की बाबांसमोर मनातलं एक वाक्य आजवर सुटलं नव्हतं. 

"खरं हाये तिचं," मी म्हणाले. "मी नोकरी नाई सोडणार."

पाहुण्यांनी चहा घेतला, विचार करून कळवतो म्हणाले आणि गेले. असं म्हणणारे कळवत नसतात. मला वाईट वाटलं. मुलगा खरंच चांगला होता.

बहीण तोवर परातीशेजारीच आडवी झाली होती. संध्याकाळी उठली, तोंड धुतलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. भरपूर झोप झाल्यामुळे ती आता शहाण्यासारखी बोलू लागली. "सॉरी ताई. मी विचार करून बोलाले पायजे होतं. नोकरी सोडली असती तं निभलं असतं कसंबी."

 कित्येक दिवस मी स्वतःची समजूत घालत होते ती याच शब्दांत.

"तू नसती बोलली तं मी सोडलीच असती," मी म्हणाले.

"मंग मले काऊन सांगते? बाबाले सांग."

बाबा अंगणात धानाची पोती शिवत होते. पाहुणे गेल्यापासून माझ्याशी बोलले नव्हते. मी समोर जाऊन बसले.

"बाबा, माही नोकरी टाइमपासची नाई."

"ठाऊक हाये मले," त्यांनी मान वर न करता म्हटलं. "पाव्हण्यापुढं तसं बोला लागते."

"यापुढं नका बोलू."

दाभण थांबलं. "बरं, नाई बोलत," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "पण तू मलेच काऊन नाई सांगितलं?"

मी पोत्याचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाले, "कासरा घट्ट होता, बाबा."