बॅकअपचं रिकामं फोल्डर

दीपमाला वानखडे राजापेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्यात सिकलसेलच्या पेशंटांच्या नोंदी सांभाळते. एकोणीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा सगळी रजिस्टरं होती. त्यातली हजारो नावं तिनं एकटीनं संगणकात चढवली. त्या माहितीवर तिचा जीव.

शनिवारी दुपारी पेशंट आटोपले की ती डेटाबेसची देखभाल करायची. नोंदींची प्रत काढायची, शोधायची सूची नव्यानं बांधायची, कुठं काही बिघडलं नाही ना ते पाहायचं. जुन्या विंडोजच्या मशीनवर हे चार बटणांत व्हायचं. दिवाळीनंतर लिनक्सचा सर्व्हर आला. बसवणारा म्हणाला, "ताई, आता तुम्ही काहीच करायचं नाही. सगळं आपोआप होईल."

आपोआप म्हटलं की दीपमालाला धाकधूकच. महिन्यानं एका शनिवारी तिनं प्रती पाहायला फोल्डर उघडलं. एकही प्रत नव्हती. तिनं ते बंद करून पुन्हा उघडलं, तरी रिकामंच. जुनं मशीन तर केव्हाच भंगारात गेलं होतं. त्यात अकोटची एसटी उशिरा पोचल्यामुळं म्हातारे शेषराव आपल्या पेशंट नातीचा रिपोर्ट घ्यायला आत्ता येऊन उभे, आणि नाव सापडायलाच तीन मिनिटं लागत होती.

तिनं अकोल्याला नईमाला फोन लावला. नईमा आधी इथंच होती, आता तिथल्या एका रक्तपेढीचे संगणक सांभाळते.

"नईमा, एकही प्रत नाही गं!"

"नोंदी दिसून राहिल्या ना? मंग कावून घाबरून राहिली? फोल्डरचं नाव वाच मले."

"इंग्रजीत बॅकअप. पहिलं अक्षर मोठं."

"अन् सर्व्हरच्या रोजच्या कामाच्या यादीत ते कसं लिवलं हाय?"

दीपमालानं यादी उघडली. "सगळी लहान अक्षरं."

"हेच त्ये! विंडोजले मोठं-लहान सारखंच. लिनक्सले ते दोन येगळे फोल्डर. त्याले जागा सापडत नाही, म्हणून प्रत ठेवतच नाही. आता पाय, जुन्या ओळी झाडायचं काम चालू हाय का?"

ते बंदच होतं. नोंद बदलली की या डेटाबेसात जुनी ओळ तशीच पडून राहते. ती झाडणारं काम नव्या सर्व्हरवर माहिती भरताना थांबवलं होतं, ते पुन्हा चालू करायचं राहून गेलं होतं. म्हणून शोध रेंगाळत होता.

नईमा सांगत गेली, दीपमाला लिहीत गेली. नाव दुरुस्त झालं, झाडलोट झाली, पहिली प्रत निघाली. तरी तिनं ती दुसऱ्या संगणकावर उघडून नोंदी मोजल्या. इकडे नऊ हजार सहाशे चौदा. तिकडेही तेवढ्याच.

"जुळलं गं नईमा!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेषराव खिडकीशी आले.

"सापडली काय नात माही?"

तिनं नाव टाकलं. रिपोर्ट लगेच पडद्यावर आला.

"सापडली, काका. बसा, चहा सांगते," ती म्हणाली आणि कितीतरी वेळानं खुर्चीला पाठ टेकली.